मास्तरांची हातभट्टी

अगं, इकडे ये गडग्यापाशी, लांबून ओरडून सांगायची गोष्ट नाही ही. तुलाही वास आला ना? अख्ख्या वाडीला येतोय. आणि वाडीने निकालसुद्धा लावून टाकलाय, की इतिहासाच्या मास्तरांनी रिटायर झाल्यावर हातभट्टी लावली. दुकानदार शपथेवर सांगतो, काळ्या गुळाच्या ढेपा घेऊन गेले आणि वर विचारलं, पुढचा माल कधी येणार! आता काळा गूळ आणि निळं पिंप एका अंगणात दिसल्यावर लोकांनी तरी दुसरं काय समजायचं?

भट्टी कसली डोंबलाची. पिंपात जीपचे सुटे भाग आहेत. पाट्यांच्या शॅकल, बंपरच्या पट्ट्या, पुढच्या काचेच्या बिजागऱ्या, असलं सगळं गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात भिजत पडलंय. हसू नकोस. खरी रीत साखर कारखान्यातल्या मळीची. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात लोखंड बुडवायचं आणि आठ-पंधरा दिवस त्या पिंपाकडे फिरकायचं नाही. मळी गंज तेवढा सोडवून घेते, खालच्या चांगल्या लोखंडाला फारशी लागत नाही. पण मळी म्हणजे उत्पादन शुल्कवाल्यांच्या डोळ्याखालचा माल, ती काय किलोवर मिळते? काळ्या गुळात ती राहिलेलीच असते, म्हणून गूळ. आंबला की वास सुटणारच. हे मास्तरांच्या डोक्यात कोणी घातलं ते मात्र विचारू नकोस. ॲल्युमिनियम त्यात टाकू नका, खाऊन टाकतं, एवढं बजावलंय मी.

आता कळलंच तर कळलं. आमच्या ह्यांचं गॅरेज होतं ना, हिशेब मीच लिहायची. कोणाच्या गाडीवर किती पैसे गेले आणि त्यातले किती पाण्यात गेले, सगळं माझ्या वहीत. ऑइलचे डाग पडलेल्या त्या वह्या अजून माळ्यावर आहेत.

जीप बघितलीस का? फणसाखाली, ताडपत्रीच्या आत. महिंद्राची एमएम 540, प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन. सकाळी हीटर मारल्याशिवाय चालू होत नाही, पण एकदा झालं की ऐकत बसावं. घाटावरच्या कोणा बागायतदाराच्या गोठ्याशेजारी उभी होती. फुकटात मिळाल्यासारखी मिळाली म्हणून मास्तर खूश. फुकटची गाडी सगळ्यात महाग पडते, पण त्यांच्या तोंडावर कोण बोलणार! ते लगेच इतिहासात शिरतात. 1945 साली कंपनीचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिकडचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा. इकडे 1948 ला नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झालं, विलीज जीपचे भाग आणून मुंबईत जुळवायला लागले, आणि त्याच जीपचं हे नातवंड. ऐकायला गोड वाटतं गं, पण नातवंडाच्या पायाखाली पत्रा नाहीये. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की खालची गोगलगाय दिसते.

पहिल्या दिवशी मास्तरांची यादी काय होती माहितीये? जाडजूड टायर, पुढे विंच, वर दिव्यांची रांग आणि मिलिटरीचा हिरवा रंग. मी म्हटलं, मास्तर, तो रंग मारलात तर दंड भराल. ऑलिव्ह ग्रीन लष्कराखेरीज कोणाच्या गाडीला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 नंबरचा नियम आहे. मास्तरांना लष्कराचा नियम म्हटल्यावर बरं वाटलं, लगेच मानलं. बाकीच्या यादीवर मास्तरीणबाईंनी काट मारली. दीड लाख रुपये बाजूला काढून दिलेत आणि सांगितलंय, ह्यात गाडी उभी राहिली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. बाई आहे हं!

आता दीड लाखात विंच घेतला तर तो अडकवायचा कशाला? चेसिसलाच ना? आपल्याकडे चेसिस आतून जाते. समुद्र हा असा जवळ, हवा खारी. चेसिसच्या पोकळीतलं पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजतात, मग आतलं पाणी आतच मुरतं. वरून काळा डांबरी रंग चकाचक, आत कोंडा. अशी गाडी आमच्याकडे आली की हे आधी जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपायचे. टोचत जायचे आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचे. ठण वाजलं की पुढे, भद वाजलं की खडूने गोल. मग गिऱ्हाईकाला बोलवून ते गोल मोजायला लावायचे. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची. ह्यांचं म्हणणं, गेलं तर जाऊ दे, पैसे घेऊन लांबी भरून दिली असती तर दोन पावसाळ्यांनी शिव्या देत आलं असतं.

लांबी भरणं हाच खरा रोग आहे बघ. गंजावर लांबी, लांबीवर रंग, आणि मालक म्हणतो गाडी नवी झाली. कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून टाकायचा आणि नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडायचा, ह्याला पर्याय नाही. मास्तरांनी पत्रा स्वतः कापला, पुठ्ठ्याचे नमुने करून, अगदी वर्गातले नकाशे काढल्यासारखा. तेवढी मजुरी वाचली. जोडायला तो नाक्यावरचा मुलगा येतो. काम स्वच्छ आहे त्याचं, पण हात फार शिवशिवतो. परवा काय झालं, मी इथे मिरच्या वाळत घालत होते. बघते तर तो ग्राइंडर घेऊन नेमका चेसिस नंबरवर! गंज दिसला की घासायचा एवढंच त्याला ठाऊक. मी अशी ओरडले की तुझं पोरगं झोपेतून उठलं असेल. अगं, आरटीओत त्या नंबरची छाप घेतात. तो नंबर पुसला तर गाडी कितीही चांगली झाली तरी ती कोणाची, हे सिद्ध करत बसा. मऊ ब्रशने साफ करायचा, फोटो काढून ठेवायचा, वर ग्रीस लावून सोडून द्यायचा.

कागदांचं मी मास्तरांना गाडी आणायच्या आधीच विचारलं होतं. आरसी बुक आहे, नावही जुळतं, पण मुदत कधीच संपलीय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी लागते. पूर्वी 600 रुपयांत व्हायची. 2022 ला त्याचे 5000 केले, आणि 2025 ला वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. उशिराचा दर महिन्याचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे पाना हातात घ्यायच्या आधीच दीड लाखाला भोक. लोक म्हणतात, जाऊ दे, दुसरं इंजिन टाकू. टाका की! त्यालाही आधी आरटीओची परवानगी लागते, नाहीतर पासिंगला अडकते.

ब्रेकचं विचारतेस? तेच आधी केलं, त्यात मी कोणाचं ऐकत नाही. चारही ड्रम उघडले, चाकांचे सिलिंडर चिकटलेले, रबरी नळ्यांना चिरा. सगळं नवीन घेतलं. चेसिसच्या खालोखाल तिथेच पैसे गेले. स्टेअरिंगचे किंगपिन झिजलेत, तेही बदलायला हवेत, नाहीतर वेग घेतला की पुढची चाकं अशी थरथरतात की धरलेला माणूस देवाचं नाव घेतो. वायरिंग मास्तर स्वतः ओढतायत. दिवे पिवळे पडायचे म्हणून नवी बॅटरी आणायला निघाले होते. मी म्हटलं, आधी अर्थिंग बघा. गंजलेल्या पत्र्यावर अर्थिंग धरत नाही. दोन जागा घासून नवी पट्टी लावली, दिवे लख्ख. बॅटरीचे पैसे वाचले त्यातून किंगपिन येतील.

सुटे भाग? त्यांचा पुतण्या मुंबईला असतो, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरून हुडकतो. कोणीतरी सुचवलं, तिकडे हरियाणात मंडी डबवालीला उघड्या जीप बांधूनच देतात, अख्खी बॉडी मागवा. पण एवढं धूड इथवर आणायचं भाडं धरलंस का? आणि मास्तरांना जुनीच हवी. तिथे मात्र मी गप्प बसते, तो हिशेबाचा विषय नाही.

पिंपातलं सामान आज बाहेर काढणार आहेत. म्हणून म्हणते, तुझे कपडे उद्या वाळत घाल. धुतलं, पुसलं की लगेच प्रायमर मारायला हवा. आपल्या दमट हवेत घटकाभर तसंच ठेवलं तरी पुन्हा तांबूस होतं. वाटीभर रेड ऑक्साइड तुझ्या फाटकाला मागून घे, ते नाही म्हणणार नाहीत. आणि पावसाळ्याआधी ती जुनं ऑइल नि डिझेल फवारायची पद्धत आहे ना, ती करायला निघाले तर तूही अडव. रबरी बुश फुगतात त्याने, आणि ते सगळं गळून तुझ्या विहिरीकडे जाईल.

थांब. वेल्डिंग चालू झालं वाटतं. बॅटरीची वायर काढली का त्यांनी? कालच नवा अल्टरनेटर बसवलाय! अहो मास्तर! मास्तर, थांबवा त्याला!