तळ दाखवा

गेल्या दोन वर्षांत मी २१ जुने ट्रॉलर पाहिले. त्यातल्या एकाचाही तळ आणि इंजिन दोन्ही मला दाखवले गेले नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी आज सविस्तर मांडणार आहे.

मी कामथडीचा. पुणे-सातारा हमरस्त्यावर ३४ वर्षं ट्रकची डिझेल इंजिनं उघडली आणि बांधली. आता गॅरेज मुलगा बघतो. माझ्याकडे वेळ आहे, थोडे पैसे बाजूला ठेवलेत आणि एक इच्छा आहे. चाळीस-पंचेचाळीस फुटांचा एक जुना लाकडी ट्रॉलर घ्यायचा, त्याचं जाळं आणि विंच काढून टाकायचं, माशांचा बर्फ भरायच्या कप्प्यात दोन बाकडी टाकायची आणि दसऱ्यापासून एप्रिलअखेरपर्यंत उत्तर कोकणाच्या किनाऱ्याने फिरायचं. उत्तनहून निघायचं, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेला वसईचा किल्ला पाण्यातून बघायचा, वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याला थांबायचं, मग केळवे, सातपाटी आणि शेवटी डहाणू. समुद्र मला वाचता येत नाही, म्हणून एक तांडेल आणि एक खलाशी पगारावर ठेवणार. इंजिन मी बघणार.

ट्रॉलरच का, असं लोक विचारतात. जाळं ओढायला बांधलेली बोट असते ती. जड असते, लाटेला सहज डगमगत नाही, आणि तिचं इंजिन कमी फेऱ्यांवर तासन् तास चालायला बसवलेलं असतं. वेग सात नॉट, म्हणजे ताशी जेमतेम तेरा किलोमीटर. मला तेवढंच पुरे. शिवाय अनेक ट्रॉलरवर लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन असतं, आणि त्याचा नटबोल्ट मला अंधारातही ओळखता येतो. एक जाळं पाण्यातून कमी झालं तर तेही वाईट नाही. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं आणि बारीक पिल्लंसुद्धा वर आणतं. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, ते घटत चाललंय म्हणूनच.

दुसरा प्रश्न त्याहून जास्त वेळा येतो. "आबा, घाटावर राहून होडी कशाला?" गावात विचारतात, पाहुण्यांत विचारतात, आणि किनाऱ्यावर विकणाराही पहिल्या वाक्यात हेच विचारतो. मला हा प्रश्न खटकतो. आमच्या गावाच्या नावातच थडी आहे, थडी म्हणजे नदीचा काठ. लहानपणी भाटघरच्या फुगवट्यातून होडीने मामाच्या गावाला गेलोय, पाण्याची भीती तेव्हाच गेली. आणि राजगड आमच्याच मुलखात. ज्या राजाने या डोंगरातून राज्य चालवलं, त्यानेच कल्याण-भिवंडी हाती आल्यावर १६५९ च्या सुमारास तिथे लढाऊ गलबतं बांधायला घेतली, रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराला कामावर ठेवून. मराठ्यांचं पहिलं आरमार डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघालं. तेव्हा घाटावरच्याला समुद्र कशाला, हे निदान भोर तालुक्यात तरी कुणी विचारू नये.

आता मूळ तक्रारीकडे येतो.

लाकडी बोटीची किंमत तिच्या पाण्याखालच्या भागात असते. वरचा रंग, केबिनवरचे देव, नाळेवरची म्हणजे पुढच्या टोकावरची फुलं हे सगळं दर नारळी पौर्णिमेला नवं होतं. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा खाली बसतो, फळ्यांचे सांधे खाली सुटतात, होडीचा कणा म्हणजे पठाण खाली कुजतो. जमीन घेणारा सातबारा बघतो तसा बोट घेणाऱ्याने तळ बघायचा. आणि तोच दाखवत नाहीत.

मला येणारे फोटो सगळे भरतीचे. बोट पाण्यावर डौलात उभी, पताका लावलेल्या, शेजारी विकणाऱ्याचा मुलगा. मी म्हणतो, ओहोटीचा फोटो पाठवा. उत्तर येतं, "शेठ, प्रत्यक्षच या ना." गेलो. पहिल्या तीन वेळा मला दुपारी बारा वाजता बोलावलं, ओहोटी असते म्हणून. ओहोटी होती, पण पाणी बोटीच्या पोटाखाली सरकलंच नाही. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या नाखवाने मला हिशोब समजावला. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेला. तेव्हा भरती अकरा-बाराच्या सुमारास येते आणि पाणी खरं उतरतं ते पहाटे साडेपाच-सहाला नाहीतर संध्याकाळी त्याच वेळेला. मग मी कॅलेंडर काढून बसलो. मला तिन्ही वेळा अष्टमीच्या आसपासच बोलावलं होतं. विकणारा जन्मापासून समुद्रावर आहे, त्याला भांग आणि उधाण माहीत नाही असं कोण म्हणेल?

तेव्हापासून मी पौर्णिमेलाच जातो. कामथडीहून रात्री अकराला निघायचं, खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रज, द्रुतगती महामार्ग, घोडबंदर, मनोर, आणि पहाटे पाचला बंदरावर. बायको डब्यात दशम्या देते आणि काही बोलत नाही. एका पौर्णिमेला असा पोचलो तर बोट जागेवर नाही. "काल रात्री समुद्रावर गेली, मासा लागला होता. परवा येईल." आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं. बोट हा त्यांचा धंदा आहे, मासा लागला तर थांबायचं नाही हे मला कळतं. पण निघायच्या आधी एक फोन करायला काय हरकत होती? अडीचशे किलोमीटर आणि एक रात्र गेली माझी.

मग वाटलं, बंदीच्या काळात जावं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारतात, तळ उघडा पडतो. गेलो. तळ दिसला. एका जुन्या मिस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेलं होतं. त्याने हातोडीच्या लाकडी बाजूने फळ्या ठोकत ठोकत नाळेपासून मागेपर्यंत चालत नेलं. खणखण वाजत होतं. पाण्याच्या रेषेखाली, मागच्या बाजूला एका ठिकाणी आवाज भदभद आला. मिस्त्रीने खिशातला टोचा काढून रंगावर टेकवला आणि अंगठ्याने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओल्या भुश्यासारखं काहीतरी लागलं होतं. वरून नवाकोरा निळा रंग होता. मिस्त्री एकही शब्द बोलला नाही. टोचा पॅंटला पुसला आणि पुढच्या फळीकडे गेला.

त्याच दिवशी मी इंजिन सुरू करायला सांगितलं. "जमिनीवर कसं सुरू करणार? गार करायला समुद्राचं पाणी लागतं." बरोबर आहे, आणि सुरू केलं तरी पंख्यावर लोड नसताना इंजिनाबद्दल काही कळत नाही. मग इंजिन कधी बघायचं? "ऑगस्टमध्ये, पाण्यात उतरली की." आणि ऑगस्टमध्ये तळ पाण्यात. इंजिन चालतं तेव्हा तळ दिसत नाही, तळ दिसतो तेव्हा इंजिन चालत नाही, आणि मधल्या काळात विकणारा म्हणतो दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे. दोन्हींतलं एक बघून आठ-दहा लाख मोजायचे, असा सगळ्यांचा आग्रह असतो.

इंजिनाबद्दल माझं म्हणणं त्याहून कडक आहे, कारण तिथे मला कुणी फसवू शकत नाही. तरीही प्रयत्न होतो. मी बोटीवर पोचतो तेव्हा इंजिन गरम असतं. हात ठेवला की ब्लॉक चटका देतो. झिजलेलं इंजिन गरम असताना लगेच सुरू होतं. त्याची कसोटी थंड असताना, पहिल्या स्टार्टरला, धुराचा रंग बघून लागते. मी प्रत्येकाला फोनवर सांगतो, मी येईपर्यंत सुरू करू नका. एकानेही पाळलं नाही. एकदा ऑइलची पट्टी ओढून फडक्यावर पुसली तर डाग चहासारखा उमटला, दूध घातलेल्या. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. मी तो डाग मालकाला दाखवला. तो म्हणाला, "समुद्राची हवा लागते हो काका." ३४ वर्षांत हवा लागून ऑइल पांढरं झालेलं मी पाहिलेलं नाही. किती तास चाललंय हे विचारलं तर "रोजच चालतंय" असं उत्तर येतं. तासाचा मीटर बसवायला किती पैसे लागतात?

लांबीचंही तसंच. ४५ फूट म्हणून सांगितलेली बोट टेपने ३८ भरली. नाळेपुढे आलेलं टोक आणि मागे लोंबणारी फळीसुद्धा धरतात. आता टेप माझ्या पिशवीतच असतो. किंमत विचारली की "बसून बोलू". बसून बोलायला कामथडीहून पालघर जिल्ह्यात यायचं असतं हे लक्षात घ्यावं.

कागदाचं मात्र चिडून चालत नाही. तिथे काळजी वाटते. मासेमारी बोटीला आयएनडी-एमएच पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो नाळेवर रंगवलेला दिसतो. पण नोंदणी वारलेल्या वडिलांच्या नावावर, तीन भाऊ वारस, त्यातला एक सही द्यायला तयार नाही, असं मला पाच ठिकाणी आढळलं. अनेक ट्रॉलर राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या कर्जावर मच्छीमार सोसायट्यांमार्फत बांधले गेले. त्या कर्जाचा बोजा उतरला का, हे विचारलं की मालक सोसायटीकडे बोट दाखवतो. आमच्याकडे गुंठाभर जमीन घ्यायची तरी सातबारा, फेरफार, बोजा बघितल्याशिवाय कुणी इसार देत नाही. बोटीला तो नियम का नको?

हे मी हौसेने विचारत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरचा 'कुबेर' हा ट्रॉलर ताब्यात घेऊन अतिरेकी मुंबईच्या दारापर्यंत आले. त्यानंतर किनाऱ्यावर बोटींची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं आणि तपासणी यांना वेगळाच अर्थ आला. तटरक्षक दल किंवा सागरी पोलीस उद्या मला अर्नाळ्यासमोर थांबवतील आणि विचारतील, ही बोट कुणाची? त्यावर मेलेल्या माणसाचं नाव सांगायची माझी तयारी नाही. शिवाय मासेमारीच्या नोंदणीवर पाहुण्यांना फिरवता येत नाही. त्याची परवानगी वेगळी, तपासणी वेगळी, आणि ते काम सागरी मंडळाकडे येतं. हे मी स्वतः विचारून आलोय. सगळं रीतसर करायला मी तयार आहे, फक्त सुरुवातीचा कागद खरा मिळू द्या.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून अलास्कापर्यंत निवृत्त माणसं जुन्या ट्रॉलरमधून बेटाबेटांनी फिरतात. तिथे व्यवहार पुरा होण्याआधी घेणारा स्वतःच्या खर्चाने बोट वर उचलायला लावतो, स्वतःचा तपासनीस आणतो, तो तळ ठोकून बघतो, मग पाण्यात उतरवून इंजिन पळवतो. सगळं एका दिवसात. आपल्याकडे हे का होऊ नये? मी उचलायचा खर्च देईन म्हणालो तर लोकांना वाटलं मी संशय घेतोय. संशयाचं काही नाही. दहा लाखांची वस्तू आहे आणि तिच्यावर माणसं बसणार आहेत.

वर्षातले दोन-चार दिवस असे असतात की तळ आणि इंजिन दोन्ही बघता येतात. जुलैच्या शेवटी बोट पाण्यात उतरवायच्या आदल्या दिवशी तळ ठोकून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन लोडवर चालवून. बंदराबाहेर तासभर नेली तरी पुरे. हे सगळ्या मालकांना माहीत आहे. तारीखही त्यांनाच आधी कळते.

तर विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. बोट शाकारून ठेवली असेल तर पाण्यात उतरवायच्या तीन दिवस आधी मला कळवा. फोटो पाठवायचाच असेल तर पौर्णिमेच्या पहाटेचा, पाणी उतरल्यावरचा पाठवा. लांबी टेप लावून मोजा. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो माणूस हयात असावा, नसला तर सगळ्या वारसांच्या सह्या झालेल्या असाव्यात. आणि मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. मी रात्री अकराला कामथडीहून निघून पहाटे पाचला तिथे असेन, मिस्त्रीलाही घेऊन येईन, आणि बोट पसंत पडली तर त्याच दिवशी इसार देईन.