अध्यक्ष नको, पुस्तक आणा

चार मराठी पुस्तकप्रेमी एकत्र आले की पहिला ठराव होतो तो कार्यकारिणीचा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. कार्यक्रम मोफत आहे, तरी खजिनदार हवाच. पुस्तक कोणतं घ्यायचं हा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' यात येतो आणि तोवर चहा आलेला असतो.

मग पत्रिका. 'पुस्तक चर्चा. प्रवेश विनामूल्य. सर्व रसिकांचे सहर्ष स्वागत.' खाली बारा नावं, त्यात लेखकाचं नाव नगरसेवकांच्या खाली आणि बारीक टायपात. फ्लेक्सवर सगळ्यांचे हसरे चेहरे, पुस्तकाचं मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढं. प्रत्यक्ष दिवशी दीपप्रज्वलन. पंखा चालू म्हणून समई पेटत नाही, बंद करावा तर पाहुण्यांना घाम फुटतो. सहसचिव दोन्ही हातांचा आडोसा करतो, वात एकदाची पेटते आणि फोटोवाला म्हणतो, 'सर, परत एकदा.' पुढे प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ. निवेदिका दर दोन वाक्यांमागे एक चारोळी सोडते. तासाभराने पुस्तकाचं नाव पहिल्यांदा निघतं, तेव्हा प्रमुख पाहुणे सांगतात, 'पुस्तक आत्ताच गाडीत हाती पडलं. चाळलं. पण फारच छान आहे.' टाळ्या. चर्चा वेळेअभावी रद्द होते. आभारप्रदर्शन वेळेअभावी रद्द झाल्याचं मात्र कुणी ऐकलेलं नाही.

हे सगळं विनामूल्य, बरं का! शाल, हार, फ्लेक्स, माइक यांचा खर्च मांडून पाहा. तेवढ्यात त्याच पुस्तकाच्या दहा-पंधरा प्रती आल्या असत्या. पण प्रतीसोबत फोटो कोण काढणार?

गंमत म्हणजे बिनखर्चात पुस्तकावर बोलण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. चातुर्मासात गावोगावच्या मारुतीच्या देवळात पोथी लागते. हरिविजय, पांडवप्रताप, नाहीतर ज्ञानेश्वरी. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. ऐकायला खुरपणीवरून आलेली आजी असते, खांबाला टेकून तंबाखू मळणारे तात्या असतात. अर्थ पटला नाही की तात्या मध्येच विचारतात, 'मग त्यात कर्णाचं काय चुकलं?' आणि पोथी अर्धा तास तिथंच अडकते. तिकीट नाही, पत्रिका नाही. तेलवातीची पाळी ठरलेली, समाप्तीला प्रसाद. अध्यक्षस्थानी मारुती. तो भाषण करत नाही.

शिकल्यासवरल्यांनी एवढं जमवलं तरी पुष्कळ. जागा शोधत हिंडायचंही कारण नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ पासून आहे, अ ते ड वर्गांतली हजारो वाचनालयं सरकारी अनुदानावर कशीबशी तग धरून आहेत. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचा जन्म १८४८चा. म्हणजे आपल्याकडे वाचनालय आधी आलं आणि फ्लेक्स फार नंतर. हल्ली बऱ्याच वाचनालयांत टेबलं स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेली असतात, त्यांना उठवू नका. वर्तमानपत्रांचा विभाग संध्याकाळी रिकामा असतो, तो मागा. आणि ग्रंथपालांना नीट विचारा. तुटपुंज्या पगारात ते कुलूप लावायला थांबणार आहेत, तेव्हा पहिला चहा त्यांना. गावात कोण काय वाचतं हे फक्त त्यांना ठाऊक असतं. 'मी दांडगा वाचक' म्हणणाऱ्याने शेवटचं पुस्तक कधी नेलं, हेही.

आता पुस्तक. पहिल्याच बैठकीला 'मृत्युंजय' लावू नका. तो आपण कॉलेजात वाचलाय असं प्रत्येकजण सांगेल आणि तुम्हाला ते निमूट ऐकून घ्यावं लागेल. बारीक चणीचं पुस्तक घ्या. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) दोन संध्याकाळींत वाचून होते. आणि बसल्यावर 'लेखकाला काय म्हणायचंय' हा दहावीचा प्रश्न काढू नका. सरळ विचारा, मास्तरांनी एवढ्या खटपटीने वाडीत तालीम उभी केली, पुढे दुष्काळाने वाडीच उठली, मग ती तालीम बांधून साधलं काय? कुणी म्हणेल शहाणपण, कुणी म्हणेल हौस. आवाज चढले की समजा, चर्चा सुरू झाली. पुढच्या महिन्याला बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) घ्या आणि त्याच्या नायकावर, चक्रधरवर भांडा. तो माणूस भांडायलाच चांगला आहे.

वाचनालयात एकच प्रत आहे आणि तीही कुणीतरी नेऊन बसलंय, ही अडचण येणारच. तेव्हा एक कथा घ्यावी आणि तिथंच मोठ्याने वाचावी. पोथीवाले दुसरं काय करतात?

खुर्च्या गोल मांडा. गोलाला पहिली रांग नसते, त्यामुळे पहिल्या रांगेतली मंडळी आपोआप गळतात. ज्याने वाचलं नाही त्याने खुशाल यावं, पण ऐकायला. शबनममध्ये स्वतःचा संग्रह घेऊन येणाऱ्या कवींना चहा द्यावा, माइक देऊ नये. सोपा उपाय म्हणजे माइकच ठेवू नये. 'मला नाही आवडलं' असं म्हणणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. उलट का, ते विचारायचं. आणि एकदा वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर उघडून बघा. पुस्तकं बदलायला बायका किती येतात आणि पुस्तकांवर बोलायला व्यासपीठावर किती बसतात? ज्या वाचतात त्यांना आधी बोलू द्या. सेवानिवृत्त काकांना शेवटी पाच मिनिटं दिली तरी ते वीस घेतात, ती धरून चालायची.

सहाच माणसं आली तर खट्टू होऊ नका. सहाजण वाचून आलेत, एवढे तर कित्येकदा भरगच्च सभागृहातही सापडत नाहीत.

वार ठरवा आणि येत्या महिन्यातच बसा. १५ ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो आणि हॉल भाषणांना दिलेला असतो.