आरवांची शिरगणती

कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सहाच्या सुमारास उभं राहून ‘आरव, खाली उतर!’ अशी हाक मारून पाहा. घसरगुंडीवरून एक, झोपाळ्यावरून दोन आणि चढायला सक्त मनाई असलेल्या पाण्याच्या टाकीवरून एक असे चार आरव निमूटपणे खाली येतात. एका हाकेत चार पोरं आवरली म्हणून आनंद व्हायला हवा. पण बाकावर बसलेल्या त्यांच्या आईबापांचे चेहरे पाहावेत. हुंडाई घेऊन घरी यावं आणि पार्किंगमध्ये त्याच रंगाच्या तीन उभ्या दिसाव्यात, तसे ते झालेले असतात. शिवाय प्रत्येक जोडप्याला खात्री आहे की मूळ आरव आपला, बाकीच्यांनी उचलला.

वास्तविक गुप्ततेत कुणी कसूर केलेली नसते. हल्ली नाव बारशापर्यंत लॉकरमध्ये असतं. सासूबाईंना सांगायचं नाही, त्या भिशीत बोलतात. नणंदेला तर मुळीच नाही, कारण तिला सातवा लागलाय. त्यामुळे बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगण्याचा आणि पाठीत चार धपाटे खाण्याचा मान असलेल्या आत्यालाही ते नाव कळतं केव्हा, तर फुग्यांच्या कमानीखालच्या थर्माकोलवरचा पडदा सरकल्यावर, केटररच्या पोराबरोबरच. धपाटे मात्र तिलाच.

नावाकडून अपेक्षा म्हणाल तर माफक. ते जगात कुणाचं नसावं, पण ऐकताक्षणी ओळखीचं वाटावं. संस्कृत असावं, पण न्यू जर्सीतल्या काकाच्या शेजाऱ्यांनाही म्हणता यावं, म्हणजे ‘ळ’ बाद, ‘ण’ बाद, जोडाक्षरं जवळजवळ बाद. दोन-तीन अक्षरांत संपावं. या चाळणीतून गाळून जे खाली पडतं ते आरव, विहान, विवान, अयान, रेयांश, रिवांश, कियांश. एवढं करून पुन्हा ‘सगळ्यांना तेच कसं सुचतं?’ हे आश्चर्य.

त्यातही ‘अंश’वाल्या नावांना सध्या फार उठाव आहे. शिवांश, रुद्रांश, देवांश, विष्णांशसुद्धा ऐकला. आपले आजोबा अख्खा देव घरात ठेवायचे: शंकर, विष्णू, पांडुरंग. जागांचे भाव वाढले तसा देवही आता अंशाअंशाने परवडतो.

अर्थाचं विचाराल तर तो सगळ्यांना पाठ असतो. मुलगा असेल तर ‘सूर्याचा पहिला किरण’ किंवा ‘विष्णूचं एक नाव’. मुलगी असेल तर ‘देवीचं एक नाव’ किंवा ‘पृथ्वी’. नावांची कोष्टकं देणाऱ्या संकेतस्थळांवर आरवचा अर्थ ‘शांत’ असा दिलेला आढळतो. संस्कृत कोशात पाहिलं तर आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. टाकीवरच्या आरवाकडे पाहता कोशकारांची बाजू भक्कम वाटते. कियाराचंही संस्कृत मूळ मी एका आजीकडून कौतुकानं ऐकून घेतलं. या नावाची एक नट्टापट्टा केलेली नायिका २०१०च्या ‘अनजाना अनजानी’त होती आणि त्यावरून पुढे एका अभिनेत्रीनं आपलं नाव घेतलं, हे त्यांना सांगायचं माझं धाडस झालं नाही. समोर पेढ्यांचं ताट होतं.

ज्याला खरोखर एकमेव नाव हवं आहे त्याची सोय पंचांगानं कधीचीच करून ठेवली आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, एकूण एकशे आठ आद्याक्षरं. आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर ‘ङ’ येतो. हस्ताच्या तिसऱ्यावर ‘ण’. उत्तराभाद्रपदाच्या चौथ्यावर ‘ञ’. एवढी शास्त्रोक्त संधी दारात चालून येते आणि पालक काय करतात? ‘गुरुजी, ण ऐवजी दुसरं काही चालेल का?’ गुरुजींना चालतं. मग पुन्हा आरव. विष्णूचीच नावं हवी असतील तर सहस्रनामात हजार पडली आहेत. पुंडरीकाक्ष रिकामा आहे. विष्वक्सेनाच्या मागे कुणीही रांगेत नाही. पण नाही!

सरकारला मात्र या दुःखाची जाण आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची, पण नाव तेव्हाच द्या असा आग्रह नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली वर्षभरात नाव फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पंधरा वर्षं! म्हणजे पोरगा दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसला की विचारायचं, बाळ, तुला काय म्हणू या? एवढ्या उदार मुदतीचा कुणी फायदा घेत नाही. बाळ बारा दिवसांचं होताच नाव, तेराव्या दिवशी त्या नावाचं इन्स्टाग्राम.

आता पीडित पालकांमध्ये संघटित होण्याची भाषा सुरू आहे, ती मला रास्त वाटते. जमिनीला सात-बारा असतो तर नावाला का नसावा? नवं बाळ आरव व्हायचं असेल तर दोन किलोमीटरच्या परिघातल्या सर्व विद्यमान आरवांचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. झोपड्यांना कट-ऑफ तारीख असते तशी आरवांनाही ठरवून द्यावी आणि तिच्यानंतरचे आरव अनधिकृत समजावेत. निवडणुका आल्या की ते नियमित होतीलच. बाहेरून आलेल्या आरवांमुळे स्थानिक आरवांवर अन्याय होतो, हा मुद्दा अजून कुणी उचललेला नाही. तो मोकळा आहे, इच्छुकांनी घ्यावा.

एका मुद्द्यावर मात्र ही सगळी चळवळ अडेल. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींनी समारंभपूर्वक आपलं नाव बदलून घेतलं. आधीचं नाव नकुशी. घरात मुली झालेल्या, त्यात आणखी एक आली, म्हणून ठेवलेलं. नवं नाव निवडायला सगळा कोश खुला होता. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. वर्गात आणखी एक वैशाली आहे म्हणून कुणी परत आल्याचं काही वाचनात नाही. त्यांना बहुधा तेच हवं होतं.

असो. आपल्या मूळ दुःखाकडे येऊ.

ज्या आईबापांना हा घोर लागला आहे, त्यांची स्वतःची नावं एकदा पाहून घ्यावीत. बाकावरचे चार बाबा: अमोल, सचिन, सागर आणि पुन्हा अमोल. चार आया: स्नेहल, अश्विनी, पूजा, स्नेहल. त्यांच्या वर्गात ‘मोठा सचिन, बारका सचिन, चष्म्या सचिन’ अशी व्यवस्था होती आणि तिच्यावर कुणी पालकसभा बोलावली नव्हती. त्याआधी गावात वरल्या आळीचा पांडू आणि विहिरीजवळचा पांडू असायचे, पोस्टमन मनीऑर्डर बरोबर विहिरीजवळच्याला द्यायचा. हे सगळे पांडू एकमेकांकडे संशयानं पाहत असल्याचं ऐकिवात नाही.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचं आहे. निर्णय उत्तमच. नावांची गर्दीही त्यामुळे फुटेल अशी काहींना आशा वाटली. पण आता काही वर्षांनी शाळेच्या हजेरीपटात ‘आरव स्नेहल अमोल पाटील’ दोन निघाले, तर चौथं नाव कुठून आणायचं? आजोबांचं म्हणाल तर ते दोन्हीकडे सुरेश.

जुनी युक्ती आता चालत नाही. ‘जाड्या आरव’ म्हटलं की समुपदेशक येतो. म्हणून आमच्या भागातल्या एका बालवाडीत बाईंनी अत्यंत निर्मळ मनानं, केवळ प्रवेशाच्या क्रमानं, मुलांना ‘आरव वन’ आणि ‘आरव टू’ म्हणायला सुरुवात केली. मुलं खूश आहेत. आरव टू तर घरीही आपलं नाव तसंच सांगतो, मागून विमानाचा आवाज काढतो. त्याच्या वडिलांनी मुख्याध्यापिकांची वेळ मागितली आहे. नावाचं राहू द्या, असं त्यांनी अर्जात लिहिलंय, पण टू का?