गाडी नेहमी सुटलेलीच असते

इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत जे जग वसले आहे, तिथे कुणाचेच धड चाललेले नसते. आपण स्टेशनात पोहोचायच्या आत गाडी सुटलेली असते. डॉक्टर यायच्या आत पेशंट गेलेला असतो. पोलीस दिसताक्षणी चोर 'नो सूनर... दॅन' करत पळतो. पेशंट दगावल्याचे दुःख कुणालाच नाही. 'हॅड' लावला का, एवढीच चौकशी!

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने सुरुवात करून दिली आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाच्या पुस्तकाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या घासून घेतले. यातले रेनसाहेब म्हणजे फ्रेंच फॉरेन लीजनवरच्या 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या साहसी कादंबरीचे लेखक. वाळवंटातल्या लढाईतून उरलेला दारूगोळा त्यांनी आपल्यावर वापरला, अशी मला दाट शंका आहे.

मराठी माणूस काळाच्या बाबतीत मुळातच उदार. अंगाला साबण असताना तो न्हाणीघरातून 'आलोच' म्हणतो, तेही भूतकाळात. 'पाऊस आला तर येणार नाही' म्हणताना न आलेला पाऊसही आणून सोडतो. 'मी काल त्याला पाहिलंय' म्हणणाऱ्याच्या हातून 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हा पर्याय निवडला जाणारच. 'दहा वर्षांपासून इथे राहतो' म्हणणारा 'सिन्स टेन इयर्स'वरच टिचकी मारणार. परीक्षकालाही आपली ही खोड ठाऊक असते. चुकीचे पर्याय तो आपल्याच बोलण्यातून उचलतो. इंग्रजी बोलताना जिथे-तिथे चालू वर्तमानकाळ लावण्याचे आपले वेड तर मुंबईकर कवी निसिम इझिकेल यांनी थेट कवितेत नेऊन बसवले.

पण इंग्रजी तरी कुठे एवढी साळसूद? उद्या सहाला सुटणाऱ्या गाडीसाठी ती खुशाल 'लीव्हज' म्हणते. 'इट्स हाय टाइम वी लेफ्ट' या वाक्यात मंडळी अजून खुर्चीतच असतात. क्रियापद तेवढे भूतकाळात निघून गेलेले. आपल्या 'आलोच'ची हीच का ती सख्खी बहीण?

तेव्हा परीक्षार्थींनो, 'यस्टरडे' दिसला की 'हॅव'पासून लांब राहा. 'सिन्स'पुढे सुरुवात लिहा, 'फॉर'पुढे मुदत. 'इफ'ला लागून 'विल' बसवण्याचा मोह आवरा. एवढे करूनही दोन मार्क गेलेच, तर ते खुशाल जाऊ द्या. काळ चुकला म्हणून माणसाची अक्कल कमी ठरत नाही. दोन भाषा एकाच डोक्यात नांदतात, तेव्हा अधूनमधून खटके उडायचेच.