चौसष्ट केबींचा ताळेबंद

जुन्या संगणकावर प्रोग्राम लिहिण्यासाठी एडिटर, म्हणजे मजकूर टंकून त्यात दुरुस्त्या करण्याचे साधन, कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला तरी हौशी मंडळींच्या हाती पडला की त्याची मजल थेट कुळाचारापर्यंत जाते. हिवरे बाजार या गावाच्या ग्रामसभेने मात्र संगणकाचे नावही न घेता तो सोडवण्याची रीत केव्हाच घालून दिली आहे. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींची पातळी पाहून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्यावर पिके ठरतात. उसाला, केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला मज्जाव असतो. ६४ केबी स्मृतीच्या, म्हणजे जेमतेम पासष्ट हजार अक्षरे मावणाऱ्या यंत्रावरही हाच क्रम लागतो: आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग प्रोग्राम, आणि उरले तर एडिटर. या हिशेबात आठ मेगाबाइट गिळतो अशी ज्याची थट्टा त्याचे भक्तच करीत, तो इमॅक्स म्हणजे ऊस, आणि ओळीओळीने काम करायला लावणारा डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचा एडलिन म्हणजे कोरडवाहू बाजरी.

येथे वर्डस्टार या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, जे प्रस्तुत लेखकाच्या परिचितांनी पंगतीतून उठता न आल्यामुळे अनेकदा ऐकलेले आहेत. १९७८ साली तो आला तेव्हा पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळा नसत, म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस म्हणजे डावीकडे आणि डी म्हणजे उजवीकडे अशी चौकट आखली गेली, जिच्यामुळे हात जागचा हलत नाही. त्या काळी अनेक कळफलकांवर कंट्रोल ही कळ ‘ए’च्या शेजारी असे, पुढे तिला तळाच्या कोपऱ्यात धाडून तिच्या जागी कॅप्स लॉक बसवण्यात आला, ज्याची गणना प्रस्तुत लेखक विसाव्या शतकातील तीन मोठ्या अन्यायांत करतो, आणि उरलेले दोन कोणते असे विचारल्यास विषय बदलतो.

वर्डस्टारच्याच कळा १९८३च्या टर्बो पास्कलने उचलल्या, ज्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एडिटर आणि कम्पायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, ही दोन्ही मिळून ४० केबींच्या आत बसत. त्याचाच भाऊबंद सी भाषेसाठीचा टर्बो सी. आणि येथे मात्र हसू आवरते घ्यावे लागते, कारण महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर पिढ्या घडून गेल्यानंतरही, तो निळा पडदा डॉसबॉक्समधून, म्हणजे नव्या यंत्रावर जुन्या डॉसचे सोंग आणून, चालवला जात राहिला. हौशी माणसाला जे लाडाने निवडता येते ते विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधले गेले, आणि गावाकडून पुण्यात मुलाखतीला आलेल्या मुलाने तोंडपाठ ‘क्लीअर स्क्रीन’ची, म्हणजे पडदा पुसण्याची, ओळ लिहावी व समोरच्या लिनक्स यंत्राने तिला लागणारी ‘कोनिओ’ची फाइलच नाही म्हणून सांगावे, यात त्या मुलाचा दोष तो काय.

प्रस्तुत लेखकाची निवड अखेर टर्बो पास्कलवर स्थिरावली असून पावसाच्या हिशेबाचा एक प्रोग्रामही हाती घेण्यात आला आहे. त्यात लेखकाचे नाव, आवृत्ती क्रमांक, सर्व हक्क राखीव असल्याची सूचना आणि त्याखाली ‘बिगिन’ व ‘एंड’ हे दोन शब्द आहेत. त्यांच्यामध्ये अद्याप काही नसले तरी तो पहिल्या फटक्यात बिनचूक कम्पाइल झाला, हे घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी सांगितले जाते.