चिकटवण्याचे पदार्थ : निवड, वापर आणि अभिमान

चिकटवण्याचा पदार्थ निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : पृष्ठभाग पाणी पितो की नाही, जोडावर ताण कोणत्या बाजूने येणार, आणि तो जोड पुढे कधी उघडावा लागणार का. पहिल्या दोन कोणताही सुतार सांगतो. तिसरीचा विचार सहसा कोणी करत नाही, कारण वस्तू चिकटवणाऱ्या माणसाला आपले काम पिढ्यानपिढ्या टिकणार असे वाटत असते. मखराचे आयुष्य दीड ते दहा दिवसांचे, आकाशकंदिलाचे फार तर तुळशीच्या लग्नापर्यंतचे आणि शाळेच्या प्रकल्पाचे बाईंची सही होईपर्यंतचे. हे पाहता ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पुण्यात यात चौथ्या गोष्टीची भर पडते. ती अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाच्या फळीपाशी घडते.

"गोंद द्या."
"कशाला हवाय?"
"चिकटवायला."
"काय चिकटवायला?"
"ते मी घरी जाऊन बघीन."

या संवादात चूक कोणाचीच नसते. वस्तू कळल्याशिवाय दुकानदाराला डबी काढता येत नाही, आणि आपण सल्ला मागायला आलेलो नाही, माल घ्यायला आलो आहोत, हे गिऱ्हाइकाला ठसवायचे असते. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या वर्गात मोडतो. चिकटवण्याच्या बाबतीत त्याचा अधिकार सोसायटीत वादातीत आहे. म्हणजे त्याच्याशी वाद घालायला आता कोणी थांबत नाही.

घरात सर्वांत जास्त लागतो तो पांढरा गोंद. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की हा गोंद होतो. लाकूड, कागद, पुठ्ठा यांतले तंतू पाणी शोषून घेतात, उरलेले हवेत जाते आणि कण एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतात. बळवंत पारेख यांनी १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आणला, त्याआधी सुतारांच्या हाती सरस असे : जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा आणि साऱ्या आळीला आपण कामाला लागल्याची वर्दी देणारा. पांढऱ्या गोंदाला तापवण्याची कटकट नव्हती. डब्यावर विरुद्ध दिशांना ओढणारे दोन हत्ती होते. त्या हत्तींनी जाहिरातीचे काम इतके चोख केले की आजही माणसे कागदाला कागद जोडताना हत्तींच्या हिशोबाने गोंद ओततात. तो पातळच लावावा. थर जाड झाला की पुठ्ठा पाण्याने फुगतो, वाळताना वाकतो आणि मखराची कमान नमस्कार करू लागते.

हा गोंद वाळेपर्यंत जोड दाबून ठेवावा लागतो. सुताराकडे त्यासाठी शिकंजे असतात. घरी जाडजूड ग्रंथ चालतात. मराठी विश्वकोशाचे खंड या कामाला उत्तम. मात्र खंड आणि जोड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद घालावा, नाहीतर ज्ञान आणि पुठ्ठा वेगळे काढता येत नाहीत. दुसरी अडचण पंचांगाची आहे. मखर हरितालिकेच्या रात्रीच करायला घेतले जाते आणि भाद्रपदात पुण्याची हवा इतकी दमट असते की गोंदातले पाणी हवेत जायला तयार नसते. पंखा लावावा. पंख्याने चमकीची पूड उडते, हा या उपायाचा एकमेव दोष आहे.

थर्माकोलचा प्रश्न महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर बराचसा निकालात निघाला, तरी माळ्यावर जुना साठा सापडतो म्हणून नोंद करून ठेवावी : द्रावक असलेला रबरी गोंद थर्माकोलला चिकटवत नाही, खातो. महिरपीचा हंस मानेपासून आत बसत जातो आणि पाहणाऱ्यांना आधी ते नक्षीकाम वाटते.

आता खळ. खरे तर तिला एवढी जागा देण्याचे कारण नाही. बाजारात ती मिळत नाही, मुलांच्या प्रकल्पाच्या यादीत तिचे नाव नसते आणि तिच्या जाहिरातीत कोणी हत्ती लावलेले नाहीत. पण प्रस्तुत लेखकाला या विषयावर थांबवणे शक्य नसल्याने वाचकांनी परिच्छेद ओलांडून पुढे जावे हे बरे.

एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा सारखा कालवून घ्यायचा. गरम पाण्यात टाकला की गुठळ्या झाल्याच, आणि खळीतली गुठळी कागदाखाली गांधील चावल्यासारखी दिसते. मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. हात थांबवायचा नाही. आधी ते दुधासारखे पांढरे असते, मग घट्ट होते, आणि एका क्षणी पांढरेपणा जाऊन त्याला काचेची झाक येते. पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगले आणि फुटले, असा याचा अर्थ. इथे गॅस बंद. एक मिनिट आधी उतरवली तर खळ धरत नाही, नंतर उतरवली तर भांडे सोडत नाही. बाइंडिंगवाले त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे बुरशी आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा घरात बोटे चाटणारी मंडळी असतील तर घालू नये आणि भांडे वेगळे ठेवावे. कणकेची खळ जरा पिवळट आणि कोंड्यामुळे खरखरीत होते, साबुदाण्याची पारदर्शक पण धीर खाणारी. मैद्याच्या बाजूने लेखकाचे मत ठाम आहे. कणकेच्या बाजूने घरातल्या वडीलधाऱ्यांचे होते, आणि ते त्याहून ठाम होते.

खळीचे खरे काम आकाशकंदिलावर दिसते. बुरुड आळीतून आणलेल्या कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने बांधून झाला की कामटीवर खळीचे बोट फिरवायचे, पतंगाचा कागद अलगद टेकवायचा आणि कडा आत दुमडायच्या. लावताना कागद ओलसर होऊन ढिला पडतो, सुरकुततो. पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहराही तसाच होतो. सकाळपर्यंत वाळून तो आखडतो आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. हा ताण दुसरा कोणताही गोंद इतक्या बेताने देत नाही. शिवाय कागद तिरका बसला तर ओले बोट लावून तो काढता येतो. खळ माणसाला दुसरी संधी देते. कंदील तिरका बसलाच नाही असे म्हणण्याची सोयही त्यात आहे.

हा गुण जुन्या कागदाच्या बाबतीत फार मोलाचा ठरतो. हस्तलिखितांची डागडुजी करणारे पिष्टाची खळच पसंत करतात, कारण पन्नास वर्षांनी कोणाला ती दुरुस्ती उलगडून नीट करायची झाली तर ओलाव्याने ती सुटते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून आहे, दोन्हीकडे जुन्या पोथ्या आणि कागद जपलेले आहेत. आणि याच शहरात घरोघरी फाटक्या पानावर सर्रास पारदर्शक चिकटपट्टी मारली जाते. या पट्टीबद्दल लेखकाला शांतपणे लिहिता येत नाही. तिचा चिकटपणा वर्षांमागून वर्षे कागदात मुरत जातो. पान पट्टीच्या आकारात पिवळे, मग तपकिरी आणि तेलकट होते, बॉलपेनची शाई पसरते, आणि शेवटी प्लॅस्टिक गळून पडते, डाग राहतो. प्रत्येक घरात पाककृतींची एक वही असते. तिच्यातले चकलीच्या भाजणीचे पान घडीवर आधी फाटते, कारण तेच सर्वांत जास्त उघडले जाते, आणि प्रेमापोटी त्याच पानावर पट्टी बसते. धने किती घ्यायचे ते आता त्या तपकिरी पट्ट्याखाली आहे. ज्यांना ते तोंडपाठ होते त्यांना विचारायची सोय राहिलेली नाही. अशा फाटीवर लांब तंतूंच्या पातळ कागदाची चिंचोळी पट्टी खळीने लावावी, मोरचूद न घालता, आणि वर वजन ठेवावे. चिकटपट्टी आधीच मारलेली असेल तर ओढून काढू नये. पान तिच्याबरोबर येते.

डिंकाला एवढे लिहिण्यासारखे काही नाही. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून ठेवला की पाकिटांना आणि चिटोऱ्यांना पुरतो. डिंक म्हटले की पुण्यात माणसाला लाडू आठवतो आणि हस्तकला बाजूला राहते.

चामडे, फोम, रबर आणि सनमायका यांना रबरी गोंद लागतो. तो दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, बोटाला लागेनासा झाला की दोन्ही बाजू एकदाच आणि नेमक्या जागी दाबायच्या. ती दहा मिनिटे काहीच न करता बसणे हाच यातला अवघड भाग. या काळात माणसे दोनदा हात लावून बघतात आणि एकदा सल्ला देतात. वाफा पेट घेतात, म्हणून खिडकी उघडी असावी आणि निरांजन लांब.

काही सेकंदांत धरणारा सायनोॲक्रिलेट हा गोंदच नको असलेला माल होता. १९४२ मध्ये हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी स्वच्छ प्लॅस्टिक शोधत असताना तो हाती आला, आणि जिथे तिथे चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. पुढे १९५८ मध्ये त्याच अवगुणावर तो विकायला आला. तो वाळत नाही. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणूनच चामडीवर त्याचे फार प्रेम. दागिन्यातला खडा, चिनीमातीचा टवका, खेळण्यातले चाक अशा घट्ट बसणाऱ्या छोट्या जोडांना एक थेंब पुरे. कैलास पर्वताच्या देखाव्यावर कापसाचा बर्फ लावायला मात्र तो कधीही वापरू नये. कापसाशी त्याची क्रिया इतक्या वेगाने होते की तो भाजण्याइतका तापतो आणि धूर निघू शकतो. धुपाचा खर्च वाचतो, इतकेच. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावीत. ॲसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हरही चालते. ते घरात कोणाकडे मागावे लागते आणि मागताना हात कसे दिसतात, हा वेगळा विषय आहे.

धातू, काच, दगड यांना इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर अशा दोन नळ्या, डब्यावर असेल त्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे. हार्डनर जास्त घातला की लवकर धरेल हा समज चुकीचा आहे. उलट मिश्रण मऊच राहते. शाडूच्या मूर्तीचे बोट आणताना दुखावले तर इपॉक्सीकडे वळू नये. शाडू भिजवून, डिंकाच्या पाण्यात कालवून त्याचा लेप लावावा. जी मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणून शाडूची आणली, तिच्या हाताला न विरघळणारे बोट देणे बरोबर नाही. विसर्जनानंतर हौदाच्या तळाशी नुसते एक बोट उरेल आणि ते कोणाकडे रोखलेले असेल ते सांगता येत नाही.

ग्लू गनमधली कांडी वितळून लगेच गार होते, म्हणून कापडी फुले आणि झालरी यांना ती सोयीची. समईजवळच्या फुलांना नको, कारण जी उष्णतेने लागते ती उष्णतेनेच सुटते.

साठवणीबद्दल थोडे. पांढऱ्या गोंदाच्या डबीचे झाकण लावण्याआधी तोंड ओल्या फडक्याने पुसावे. सायनोॲक्रिलेटची नळी उभी, हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत टाकून ठेवावी. खळ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वाटीवर नाव लिहावे, घरात भूक लागलेली माणसे असतात. इपॉक्सीच्या दोन नळ्यांची झाकणे कधीही अदलाबदल करू नयेत. तसे झाले की दोन्ही नळ्या कायमच्या बंद होतात, आणि तो जोड घरातल्या इतर सर्व जोडांपेक्षा पक्का निघतो.