कोअर मतदार

नेते पक्ष बदलतात, पक्षांची चिन्हं गोठतात, कालचे साहेब आज गद्दार ठरतात. या सगळ्या पडझडीत अढळ निष्ठा उरली आहे ती फक्त गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवणाऱ्या पोरांमध्ये. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे पोराला ठाऊक नसतं. पण प्रोसेसरच्या बाबतीत आपण इंटेलवाले की एएमडीवाले, हे मिसरूड फुटायच्या आत ठरलेलं असतं.

गंमत अशी की हे दोन्ही गट एकाच मूळ पक्षातून फुटलेले. १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. पुढच्याच वर्षी त्याच फेअरचाइल्डमधून जेरी सँडर्स साथीदारांसह निघाले आणि एएमडी उभी राहिली. १९८२मध्ये दोघांची युतीही झाली, कारण आयबीएमला एकाच पुरवठादाराच्या मर्जीवर राहायचं नव्हतं. मग युती तुटली, वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, आणि २००९मध्ये इंटेलने सव्वाशे कोटी डॉलर मोजून तह केला. एएमडीच्या प्रमुख लिसा सू आणि ग्राफिक्स कार्डांचे सम्राट, एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग हे लांबचे नातेवाईक. शिवाय ह्वांग उमेदवारीच्या काळात एएमडीतच नोकरीला होते. हे एवढं कळल्यावर मराठी माणसाला हा विषय परका वाटायचं कारण नाही.

आता उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं पाहू. इंटेलचा कोअर आय-९ १४९००के जाहीर करतो : कोअर २४, वेग सहा गिगाहर्ट्झपर्यंत. खोलात गेलं की कळतं, चोवीसपैकी खरे पुढारी आठच, बाकीचे सोळा सतरंज्या उचलायला. जोरात आला की हा गडी २५३ वॉट वीज ओढतो. समोर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी : कोअर फक्त आठ, पण कॅश मेमरी ९६ एमबी. गेमला लागणारी माहिती कोअरच्या शेजारीच ठेवलेली, त्यामुळे दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा नाही. बहुतेक गेममध्ये हे आठ त्या चोवीसांना लोळवतात. यावर इंटेलवाल्यांचं उत्तर ठरलेलं : ‘व्हिडिओ एडिटिंगमध्ये भेटा.’ पोराने आजवर एडिट केलेला एकमेव व्हिडिओ मावशीच्या डोहाळजेवणाचा, पण मुद्दा तत्त्वाचा आहे.

घोटाळे दोघांच्याही नावावर आहेत. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच झिजवून घेत होते. गेम बंद पडायचा आणि पडद्यावर यायचं, ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’. म्हणजे गुन्हा प्रोसेसरचा आणि एफआयआर ग्राफिक्स कार्डावर! २०२४मध्ये कंपनीने दुरुस्ती पाठवली, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. एएमडीवाले पेढे वाटणार, तेवढ्यात कुणीतरी २०२३ची आठवण काढली. तेव्हा काही मदरबोर्डांनी जास्त व्होल्टेज दिल्यामुळे एएमडीचे काही प्रोसेसर सॉकेटसकट करपले होते. तेव्हापासून दोन्ही बाजूंना व्होल्टेज या विषयावर बोलायला वेळ नाही.

सगळ्यात पवित्र वस्तू म्हणजे बेंचमार्कचा तक्ता. चाचणी घेणारे बाजारातलं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम १०८०पीवर ठेवतात. त्यात लबाडी नाही. फोर-केवर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो आणि मग महागडे-स्वस्त सगळे प्रोसेसर जवळपास एकाच रांगेत येतात. फरक दिसावा म्हणून चाचणी तशी. पण हा खुलासा वाचतो कोण? पोराने ‘याचे दोनशे दहा फ्रेम, त्याचे एकशे ऐंशी’ एवढंच पाठ केलेलं असतं. घरी मॉनिटर साठ हर्ट्झचा. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. वरची दीडशे येतात कधी, जातात कधी, कुणाला दर्शन नाही.

खरं तर साधा सहा कोअरचा रायझन ५ किंवा आय-५ घ्यावा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. व्हॅलोरंटसारखा गेम दोनशे चाळीस हर्ट्झवर खेळणारे सोडून बाकी सगळ्यांना हे लागू. पण मध्यममार्गी उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं, ही आपली परंपराच आहे.

अखेर मतदानाचा दिवस उजाडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका अरुंद दुकानात, काउंटरला पोट टेकवून बाप-लेक उभे. पोरगा कॅश, सॉकेट, एएम५ला पुढच्या पिढ्याही चालतील, असं भाषण ठोकतो. बाप विचारतो, ‘वीजबिल किती येईल?’ दुकानदार दोघांचंही शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि मागे वळून ओरडतो, ‘अरे, मदरबोर्ड कोणता शिल्लक आहे बघ!’

माळ्यावरून धुळीने माखलेला एकच खोका खाली येतो. त्यात बसणारा प्रोसेसर बिनविरोध निवडून येतो.